जागच्या जागी राजूर

"एवढा वेळ पायडल मारलंस, पोचलास कुठं?"

दिवाळीत आत्या आली होती तेव्हाचा हा प्रश्न. मी घामानं निथळत ओसरीच्या पायरीवर बसलो होतो आणि सायकल मागे तीन लोखंडी रुळांवर, भिंतीला टेकून उभी होती. तासाभरात पंचवीस किलोमीटर झाले होते. जालन्याहून राजूर साधारण तेवढंच. आमच्या घरात अंगारकीला चालत राजूरच्या गणपतीला जाणारे दोघेतिघे आहेत, त्यामुळे घरातली सगळी अंतरं राजूरच्या मापानं मोजायची सवय.

"राजूरला," मी म्हणालो.

आत्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सायकलीकडे. "मग दर्शन झालं का?"

यावर उत्तर नाही. घरात ज्यानं ज्यानं ते रोलर बघितलं, त्याला हा प्रश्न पडतो. कुणी तोंडावर विचारतं, कुणी माझ्या बायकोला विचारतं. त्यातच पुण्याच्या मामेभावानं फोनवर मला अर्धा तास समजावलं की २१व्या शतकात असल्या नळकांड्यांवर सायकल चालवणं म्हणजे मिक्सर असताना पाट्यावर चटणी वाटणं. (चटणी पाट्यावरचीच चांगली लागते, हे त्याला नंतर सुचून मी मनातल्या मनात सुनावलं. माझं असंच होतं, उत्तरं फोन ठेवल्यावर सुचतात.) तर आता सगळ्यांना मिळून एकदाच लिहून टाकतो. माझं मत सरळ आहे: घरात बसून सायकल चालवायचीच असेल, आणि ती पुढे रस्त्यावर चालवता यावी म्हणून चालवायची असेल, तर रोलर घ्या. ट्रेनर नको. आणि हे मी पैसे वाचतात म्हणून म्हणत नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण जालन्यात रोलर म्हटलं की लोकांना रोलिंग मिल आठवते, नाहीतर डांबराचा रोलर. सायकलचा रोलर म्हणजे एका लोखंडी चौकटीत आडवे बसवलेले तीन रूळ. मागचं चाक दोन रुळांच्या मधल्या खोबणीत बसतं. पुढचं चाक एकट्या तिसऱ्या रुळावर. मधल्या रुळावरून पुढच्या रुळापर्यंत एक गोल पट्टा गेलेला असतो. तुम्ही पायडल मारलं की मागचं चाक आपले दोन रूळ फिरवतं, पट्टा पुढचा रूळ फिरवतो, आणि तो रूळ पुढचं चाक. झालं. सायकलीला कुठेही पकड नाही, आधार नाही. ती तुम्हीच तोलायची, जशी रस्त्यावर तोलता तशी.

तो पट्टा बघून बऱ्याच जणांना वाटतं की पुढचं चाक फिरलं काय न फिरलं काय. मलाही वाटायचं. एकदा चालू असताना पट्टा निसटला आणि दोन सेकंदांत मी खाली. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण नकळत हँडल किंचित वळवतो आणि चाक पुन्हा आपल्या वजनाखाली येतं, असा हा सगळा खेळ आहे. चाकच फिरत नसेल तर हँडल वळवून उपयोग काय? लहानपणी वडिलांच्या काळ्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून शिकलो तेव्हाही हेच होतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

ट्रेनर वेगळा. त्यात सायकलीचा मागचा आस चिमट्यात आवळतात, किंवा हल्लीच्या महागड्या प्रकारात मागचं चाक काढून सायकल थेट यंत्रावरच चढवतात. सायकल जागेवर घट्ट. त्याला चुंबकाचा किंवा तेलाचा अडथळा असतो, स्मार्ट असेल तर तो संगणकावरून कमीजास्त होतो, समोर पडद्यावर डोंगर येतो आणि पायडल जड होतं. झ्विफ्ट नावाचं ते ॲप २०१४मध्ये निघालं आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचलं. मामेभाऊ त्याच लाटेतला. त्याच्याकडे मी बसून बघितलंय. पाय भरून येतात, छाती धपापते, सगळं खरं. पण हात सोडून जांभई दिली तरी सायकल उभीच. मोबाईलवर मेसेज टाईप करता येतो. माझा आक्षेप तिथेच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

रोलर ही काही नवी गोष्ट नव्हे, हेही सांगायला हवं. चार्ल्स मर्फी नावाच्या अमेरिकन सायकलपटूनं ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आगगाडीच्या मागे सायकल चालवून एक मैल ५७.८ सेकंदांत कापला. रुळांच्या मध्ये फळ्या टाकल्या होत्या, गाडीच्या डब्याला वारा अडवणारा आडोसा केला होता. हाच मर्फी आणि मेजर टेलर हा मोठा कृष्णवर्णीय सायकलपटू नंतर नाटकगृहाच्या रंगमंचावर रोलर मांडून एकमेकांशी शर्यत खेळत. लोक तिकीट काढून दोन माणसांना जागच्या जागी धावताना बघत होते! आत्याला हे सांगायला हवं. जपानमधले केरिनचे व्यावसायिक सायकलपटू आजही तीन रुळांवर सराव करतात, आणि ट्रॅकवरच्या शर्यतींआधी अंग गरम करायला लोक रोलरच वापरतात. आणि जागच्या जागी घाम गाळणं आपल्याला तरी कुठे नवीन आहे? सूर्यनमस्कार घालणारा काय कुठे पोचतो? मल्लखांबावरचा मुलगा तासभर एका खांबाभोवतीच असतो. जांब समर्थ आमच्याच जिल्ह्यात. बलोपासना सांगणाऱ्या रामदासांच्या जन्मगावाजवळ राहून लोकांनी जागेवरच्या व्यायामाला हसावं, याची मला गंमत वाटते.

असो. मी याच्या नादी कसा लागलो?

२०१५मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ रेस अक्रॉस अमेरिका जोडीनं पूर्ण करून आले, २०१७मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकट्यानं. त्या बातम्या वाचून पोट सुटलेल्या ज्या अनेकांनी सायकली घेतल्या, त्यांतला मी एक. मला अमेरिका नको होती. सकाळी अंबड रोडनं जाऊन यावं, रविवारी राजूर, कधी हिंमत झाली तर सिंदखेड राजा, आणि एकदा आयुष्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत करावी, एवढंच.

२०२१च्या नोव्हेंबरात पहाटे अंबड रोडवर पडलो. मागून ट्रकचा हॉर्न आला, मी वळून बघितलं, आणि पुढच्या क्षणी डांबराची कड सोडून सायकल खाली साइडपट्टीवर उतरली होती आणि मी उजव्या खांद्यावर पडलो होतो. ट्रक थांबला नाही. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. मी सगळ्यांना सांगितलं की ट्रकनं घातलं मला खाली. आईनं ते ऐकलं आणि तेवढंच म्हणाली, "आता रस्त्यावर सायकल नको. माझ्या डोळ्यांदेखत तरी नको."

आमची आई आरडाओरडा करणारी नाही. ओरडली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं.

मग ट्रेनर बघायला लागलो. किमती बघितल्या, दोन दिवस गप्प बसलो. मग रोलर बघितले. तेही बाहेरून मागवायचे तर स्वस्त नव्हते. तेवढ्यात डोक्यात आलं की अरे, आपण राहतो कुठे? ज्या गावात सळई ओढणाऱ्या एवढ्या मिल आहेत आणि त्या मिलचे रूळ, शाफ्ट, बेअरिंगची घरं दुरुस्त करणारे लेथवाले गल्लोगल्ली आहेत, त्या गावात तीन रूळ फिरते करून मिळू नयेत?

जुन्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींकडे चित्र काढून नेलं. त्यांनी कागद उलटासुलटा बघितला. "हे काय बनवायलेत सर? पापडाचं मशीन?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो एखाद्या इंजिनिअरला शोभेल असा: "फिरणार किती?" मला माहीत नव्हतं. तिथेच स्टुलावर बसून गणित केलं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. रुळाचा घेर २८ सेंटिमीटर धरला तर सेकंदाला पंचवीस फेरे, म्हणजे मिनिटाला १५००. मिस्त्री म्हणाले, "मग पाईप नुसता कापून चालत नाही. दोन्ही टोकं धरून वरून एक कट मारावा लागंल. पाईप नेहमी आउट असतो." सायकलवाला चाकाचा आउट काढतो, मिस्त्री पाईपाचा आउट काढतात. शब्द एकच. मला फार बरं वाटलं.

पाईपाची एक गंमत. बाजारात ज्याला तीन इंची पाईप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास तीन इंच नसतो, ८८.९ मिलिमीटर असतो, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. चार इंचीचा ११४.३, म्हणजे साडेचार इंच. आणि परदेशी कंपन्यांचे रोलर बघाल तर त्यांच्या रुळांचे नेहमीचे व्यास कोणते? साडेतीन आणि साडेचार! कुणी कुणाचं बघून केलं मला ठाऊक नाही, पण आपल्या भंगाराच्या दुकानातला पाईप आणि त्यांचा रूळ एकाच मापाचा निघाला.

यातलं कोणतं घ्यायचं? रूळ जितका लहान तितकं पायडल जड, कारण टायर त्यावर जास्त दबतो आणि त्यातच ताकद खर्च होते. साडेचार इंचीवर सायकल लोण्यासारखी जाते, पण रस्त्यावर समोरून जो वारा लागतो तो इथे नाही, त्यामुळे काही दिवसांनी गिअर संपतात आणि दम लागत नाही. अगदी लहान, सव्वादोन इंची रूळही मिळतात. ते नवशिक्याच्या मांड्या आणि टायर दोन्ही तापवतात. मी साडेतीन इंची घेतला आणि आजही तोच सांगेन. जड हवं असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करा, हलकं हवं असेल तर वाढवा. रूळ बदलायची गरज नाही.

मध्यम जाडीचा तीन इंची पाईप मीटरला आठ किलोच्या वर भरतो. चाळीस सेंटिमीटरचे तीन तुकडे म्हणजे दहा किलो, शिवाय दोन्ही टोकांची झाकणं. हे वजन मला आधी दोष वाटलं होतं. तो गुण निघाला. ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या हलक्या रुळांवर पाय थांबवला की चाक लगेच मरतं आणि चाक मेलं की तोल जातो. जड रूळ एकदा फिरायला लागला की पायडलातला धक्का गिळतो आणि पाय थांबवला तरी दोनचार सेकंद वेळ देतो. लांबी मात्र चाळीस सेंटिमीटरपेक्षा कमी करू नका. तेवढीच तुमची सडक. प्रत्येक रुळाला ६२०१ नंबरच्या दोन बेअरिंगा, आत बारा मिलिमीटरचा शाफ्ट. स्वस्तातली बेअरिंग घेऊ नका, मी घेतली होती, तीन महिन्यांत घरघरायला लागली आणि खालच्या भाडेकरूंनी विचारलं की गिरणी टाकली का.

पट्ट्यासाठी आधी शिलाई मशीनचा चामडी पट्टा लावून बघितला. घसरला. मग यंत्रांवर असतो तो हिरवा गोल प्लॅस्टिकचा पट्टा आणून टोकं तापवून जोडली, ती आजवर टिकली आहेत. चौकट अँगलची. पुढच्या रुळासाठी अँगलला एकच भोक पाडू नका, दोन-दोन सेंटिमीटरवर सात-आठ पाडा, कारण प्रत्येक सायकलीच्या दोन चाकांमधलं अंतर वेगळं. पुढचा रूळ असा बसवायचा की त्याचा मध्य पुढच्या चाकाच्या आसाच्या बरोबर खाली किंवा बोटभर पुढे येईल. मागे राहिला तर चाक पुढे घरंगळून उतरू बघतं. सगळं मिळून साडेपाच हजारांत झालं, आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास भरलं, त्यामुळे पलंगाखाली सरकवायची कल्पना पहिल्याच दिवशी सोडून दिली.

विकत घेणाऱ्यांसाठीही यापेक्षा वेगळं काही सांगण्यासारखं नाही. व्यास बघा, लांबी बघा, हातानं रूळ फिरवून तो किती वेळ फिरतो आणि थरथरतो का ते बघा. टोकांकडे किंचित फुगवलेले, मध्ये बारीक असे रूळही येतात, ते चाक मध्यावर ढकलतात. पहिल्या महिन्यात त्यांचा उपयोग होतो. आणि हो, डोंगरी सायकलीचे गोटेवाले टायर लावून बसू नका. आवाजानं शेजारी घर विकतील.

आता शिकणं. इंटरनेटवर धडपडण्याचे व्हिडिओ बघून आमच्या हिनं आधीच गादी आणून टाकली होती समोरच्या भिंतीला. तिला वाटलं (मलाही) की सायकल रुळावरून उतरली की ताशी २५च्या वेगानं सुटेल आणि मी भिंत फोडून शेजाऱ्यांच्या देवघरात. तसं होत नाही. तुम्ही पुढे जातच नसता, वेग फक्त चाकांना असतो. जमिनीला टेकली की सायकल हातभर सरकते आणि थांबते. तुम्ही पडता ते बाजूला, एखाद्या पोत्यासारखे. म्हणून पहिले आठ दिवस रोलर दाराच्या चौकटीत मांडा. दोन्ही बाजूंना कोपर टेकायला लाकूड असतं. बाजूला पाट किंवा चौरंग ठेवा, कारण रुळामुळे सायकल दहाबारा सेंटिमीटर उंच झालेली असते. एक हात चौकटीला, हलका गिअर, आणि पायडल भराभरा मारायचं, मिनिटाला ऐंशी-नव्वद. हळू मारलं तर पडाल. हे कुणालाच पटत नाही, सगळे घाबरून हळू मारतात. आणि पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. चाकाकडे बघितलं की ते डोलतं. दहा फूट लांब काहीतरी धरा. मी देव्हाऱ्यातल्या समईकडे बघत शिकलो, त्यामुळे आईला वाटायचं लेकाला उशिरा का होईना भक्ती लागली.

चौथ्या दिवशी चौकटीचा हात सुटला. ते दहा सेकंद होते फार तर. पण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला पुन्हा एकदा सायकल येते, हा आनंद तुम्हाला कोणता ट्रेनर देणार?

उन्हाळ्याबद्दल दोन शब्द, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि जागेवर सायकल चालवताना वारा नसतो. पंखा समोर हवाच. रोलरला वीज लागत नाही म्हणून मी फुशारकी मारायचो, पण एका सकाळी वीज गेली आणि पंखा थांबला तेव्हा सात मिनिटांत उतरलो. पहाटे पाच ते सहा, ओसरीत, वीस मिनिटं ते अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. बस. तासभर चालवणं हा माझा मूर्खपणा, आत्या आल्यामुळे केलेला. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ. हँडलवर जुना पंचा टाका, घामाच्या मिठानं नटबोल्ट गंजतात, रूळही गंजतात. आणि ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे घामाचे कपडे रोज धुवायला टाकून घरातल्यांचा अंत बघू नका. गच्चीवर कठड्याजवळ रोलर मांडण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती आत्ताच काढून टाका.

मामेभावाच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. रोलरवर चढ चढता येत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटांचा राजा म्हणतात, तो किताब माझ्या ओसरीत बसून कुणाला मिळणार नाही. उभं राहून जोर लावणं, मिनिटभर जीव तोडून मारणं, मोजूनमापून मांड्या तयार करणं यासाठी ट्रेनरच बरा. ज्याला पुण्याहून गोव्यापर्यंतची डेक्कन क्लिफहँगर करायची आहे, त्यानं खुशाल ट्रेनर घ्यावा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यानं, चक्कर येणाऱ्यानं, साठीच्या पुढे नव्यानं सुरुवात करणाऱ्यानंही ट्रेनरच घ्यावा. त्यांना पडून चालणार नाही. मी बोलतोय ते आमच्यासारख्यांबद्दल, ज्यांना फक्त रस्त्यावर नीट सायकल चालवायची आहे आणि जिवंत परत यायचं आहे.

आता तो आक्षेप.

रोलरवर तोल जमल्यावर पुढचे धडे असतात. एक हात सोडून बाटली काढणं, पाणी पिणं, बाटली परत ठेवणं. मग खांद्यावरून मागे बघणं. हा शेवटचा धडा मी पहिल्यांदा केला तो दिवस मला आठवतो. ओसरीत मी एकटा. मान उजवीकडे वळवली आणि सायकल त्याच क्षणी वीतभर उजवीकडे सरकली. घाबरून मी हँडल डावीकडे ओढलं. चाक डाव्या टोकावरून खाली, आणि मी उजव्या खांद्यावर.

तोच खांदा. गादी होती म्हणून लागलं नाही. पण मी बराच वेळ तसाच पडून राहिलो, कारण ही पडण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. मागे वळून बघणं, उजवीकडे सरकणं, घाबरून डावीकडे ओढणं, कड सुटणं. ओसरीत ट्रक नव्हता.

ट्रकनं मला घातलं नव्हतं. त्यानं हॉर्न वाजवला होता. थांबायला हवं होतं त्यानं, ते वेगळं, आणि तिथली साइडपट्टी डांबरापासून वीतभर खाली आहे तीही वेगळी. पण मान वळली की हँडल वळतं ही माझी खोड होती, लहानपणापासूनची असणार, आणि तेव्हा मी आणखी एक फूट उजवीकडे सरकलो असतो तर आज हे लिहायला नसतो. वर्षभर मी सगळ्यांना, आईलासुद्धा, अर्धीच गोष्ट सांगत होतो. खोटं बोलत नव्हतो. मला माहीतच नव्हतं.

हे मला ट्रेनरनं कधी सांगितलं असतं का? त्यावर मी हजार वेळा मान वळवली असती आणि सायकल हजार वेळा सरळ राहिली असती. मी मजबूत झालो असतो, आणि तीच खोड घेऊन रस्त्यावर उतरलो असतो, जास्त वेगानं. मामेभावाला हेच म्हणायचंय मला. त्याच्या पडद्यावर सगळं मोजलं जातं, पण सायकल सरळ जाते की नाही हे कुठे मोजतात?

मागे बघायची रीत मग हळूहळू बसली. आधी डावा हात हँडलच्या मध्याजवळ आणायचा. उजवा कोपर सैल सोडायचा. हनुवटी खांद्याला टेकवायची, खांदा हनुवटीकडे न्यायचा नाही. पाय थांबवायचे नाहीत. शंभर वेळा, दोनशे वेळा. महिन्याभरात चाक चार बोटांच्या पट्ट्यात राहायला लागलं. मी रुळावर खडूनं दोन रेघा मारल्या होत्या, त्या फिरताना दोन पांढऱ्या कडा दिसतात, हायवेच्या कडेच्या पट्टीसारख्या. त्यांच्या आत राहायचं.

समृद्धी महामार्ग २०२२च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा काही जणांनी मला गमतीनं विचारलं की आता नागपूर का शिर्डी? त्यावर सायकलीला, दुचाकीलाही, मज्जाव आहे. आपल्यासाठी तेच जुने रस्ते, त्याच कडा, आणि त्याच साइडपट्ट्या.

आईला मी खरी गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "दाखव." मी रोलरवर बसलो, ती पाटावर. मी मागे वळून बघितलं, तिनं हातातली मेथीची जुडी वर केली आणि विचारलं, "किती काड्या?" मी म्हणालो, "एवढं नाही दिसत गं." ती उठून आत गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

त्यानंतरच्या रविवारी उजाडल्यावर निघालो, अंधारात नाही. भोकरदन नाक्यावरून राजूर रोड. पहिले पाच किलोमीटर हात घट्ट होते. मग एक ट्रॅक्टर मागून आला, उसाचा, दोन ट्रॉल्यांचा. वळून बघितलं. हँडल हललं नाही. पुढे नारळ फोडला, प्रसादाची पुडी खिशात घातली, आणि साडेनवाला घरी. आत्याला फोन करून सांगितलं, दर्शन झालं.

मिस्त्रींकडे आता दुसऱ्या जोडाची ऑर्डर आहे, आमच्या शाळेतल्या एका सरांची. मापं त्यांच्या वहीत लिहिलेली आहेत, कुणाला हवी तर मी देतो. फक्त एक दुरुस्ती सांगून ठेवतो: पट्ट्याची खाच मी डावीकडे घेतली होती, ती उजवीकडे घ्या. आपण सायकलवर डावीकडून चढतो, आणि माझा एक चांगला पायजमा त्या पट्ट्यात गेलाय.